हेल्वीचा वाटा

"हे नको." तौनोने खिम्याचं चकचकीत यंत्र फळीवर परत ठेवलं. "याचं आतलं दातेरी चाक प्लास्टिकचं आहे. मूसचं मांस म्हणजे काय कोंबडी वाटली? एका हिवाळ्यात दात पडतील याचे."

"मग तूच सांग," हेल्वी म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं?"

खरंच कळत नव्हतं. तिच्या घरचा खिमा नऊ वर्षं तौनोच करत आला होता. तिचा नवरा ओइवा गेल्यापासून दर ऑक्टोबरात शिकारीच्या टोळीचे वाटे पडले, की ओइवाच्या नावाने काढलेला वाटा तो आपल्या गाडीत घालायचा. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण, वाटाही तसाच मोठा. मग आपलं जुनं जड यंत्र तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाला आवळायचं आणि दिवसभर दांडा फिरवायचा. मूसचं मांस नुसतं कोरडं पडतं, म्हणून ती डुकराची चरबी चिरून द्यायची. पिशव्या भरून झाल्या की कॉफी, वेलदोड्याचा पाव आणि थोड्या गप्पा. त्या एका दिवसावर तौनो अख्खं वर्ष काढायचा.

आणि परवा तिने फोन केला होता. "मला माझं स्वतःचं यंत्र घ्यायचंय. दुकानात येशील बरोबर?"

तो दाढी करून आला होता.

"काय तौनो," दुकानदार रैमो गल्ल्यावरून ओरडला, "बाई स्वतःच दळायला लागल्या तर तू कुठे जाणार?"

"मासे मारायला."

रैमो खो खो हसला. हेल्वी हसली नाही.

ते प्लास्टिकचं घेऊ दिलं असतं तर डिसेंबरात मोडलं असतं, आणि तिने त्यालाच बोलावलं असतं. हे तौनोच्या मनात येऊन गेलं. तरी त्याने सगळी यंत्रं उघडून पाहिली आणि पोलादी पोटाचं, बिडाच्या पायांचं, दुकानातलं सर्वांत चांगलं यंत्र तिच्यापुढे ठेवलं.

"दोन जाळ्या आहेत. आधी मोठ्या भोकांची लाव, मग बारीक. पांढरे पापुद्रे सुरीने काढून टाक, नाहीतर पात्याला गुंडाळतात. अडकलंच, तर हे बटण. उलटं फिरतं. मांस अर्धवट गोठलेलं असू दे. आणि पात्याची धार जाळीकडे, लक्षात ठेव."

"जाळीकडे," हेल्वी म्हणाली.

आता सांगण्यासारखं काही उरलं नाही, त्याला वाटलं. आता ही मला काहीच विचारणार नाही.

गल्ल्याशी एन्सिओ उभा होता, हातात खिळ्यांची पुडी. तौनोला पाहून त्याने मान खाली घातली. तौनोने पाठ फिरवली. हेल्वी मात्र सरळ त्याच्यापाशी गेली.

"पाय कसा आहे रे, एन्सिओ?"

"चाललाय."

"कॉफीला ये कधीतरी."

एन्सिओ पैसे ठेवून निघून गेला.

गाडीत बसल्यावर तौनोला राहवलं नाही. "त्याच्याशी बोलवतं तरी कसं तुला?"

"नऊ वर्षं झाली, तौनो."

"मी तर नव्वद झाली तरी बोलणार नाही."

त्या दिवशी दलदलीच्या कडेने मूस धावत सुटली होती आणि एन्सिओची, तौनोची, आणखी एकाची, अशा तीन बंदुका एकदम उडाल्या होत्या. पलीकडे उभा असलेला ओइवा मटकन खाली बसला. गोळी आरपार जाऊन चिखलात शिरली, ती सापडलीच नाही. इस्पितळात तो दोन दिवस जगला. पोलिसांना म्हणाला, मला काही दिसलं नाही. पण एन्सिओ कुठे उभा होता ते गावाला माहीत होतं. कोर्टात काही शाबित झालं नाही आणि एन्सिओनेही कधी छातीठोकपणे नाही म्हटलं नाही. त्याने बंदूक विकली. टोळीने त्याला बोलावणं बंद केलं. त्यात पुढे तौनोच होता.

घरी आल्यावर त्याने यंत्र टेबलावर मांडून दिलं. हेल्वीने मांसाचे तुकडे घातले, बटण दाबलं. लाल खिमा सरसर परातीत पडू लागला. धार जाळीकडेच होती.

"छान चालतंय," तौनो म्हणाला. त्याच्या हातांना काही काम नव्हतं. त्याने टोपी उचलली, पुन्हा ठेवली.

"हेल्वी, माझं काही चुकलं का?"

तिने यंत्र बंद केलं.

"नाही, म्हणजे... मी होतो की. मी तर म्हणणार होतो..." त्याचे कान लाल झाले. "तू एकटी, मी एकटा. माझं ते जुनं धूड इथंच राहिलं असतं. मीही राहिलो असतो."

"विचारशील, हे ठाऊक होतं मला. गेल्या वर्षीच विचारशील असं वाटलं होतं."

"मग?"

हेल्वी हात पुसत राहिली. हात कधीच कोरडे झाले होते.

"अंगणात तुझी गाडी वाजली की मला बरं वाटायला लागलंय, तौनो. मी वाट बघते तुझी. नेमकं हेच व्हायला नको होतं."

"का नको? ओइवालाही बरंच वाटलं असतं."

तिचे डोळे भरून आले. ती त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिली, की तो उगाच हसला.

"मरताना त्याने मला गप्प राहायची शपथ घातली होती," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. म्हणाला, तौनोला कळलं तर तो जगायचा नाही."

"काय कळलं तर?"

"त्याला सगळं दिसलं होतं, तौनो. त्याच्याकडे वळलेली बंदूक तुझी होती."