दुसरा ब्रेक

बायकोने गाडी सुरू केली आणि मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो. ड्रायव्हिंग स्कूल काढण्याआधी ते इंग्रजीचे क्लास घ्यायचे, म्हणून लोक त्यांना अजून मास्तरच म्हणत.

“आजच्या परीक्षेचं काही खरं नाही,” ते म्हणाले. “आरशात बघ. स्वतःकडे नाही, मागच्या गाड्यांकडे.”

मागच्या सीटवरची कॉलेजातली मुलगी हसली. ती कालच शिकायला आली होती आणि आपली पाळी येईपर्यंत इंग्रजीच्या पेपरचे शब्द पाठ करत होती.

बायको हसली नाही. दुपारी लायसन्स मिळालं, तर शाळेची व्हॅन चालवायचं काम तिचं होतं. शाळा आजच्यापुढे थांबणार नव्हती. ते काम मिळालं तर ती तिची आयुष्यातली पहिली कमाई असणार होती.

वळणावर तिने वेग कमी केला. तरी मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली.

“बघितलंस? मी नसतो तर?”

“अहो, मी थांबवतच होते.”

“थांबवत होतीस म्हणे. उद्या मागे लोकांची पोरं असतील. घर चालवतेस तेवढं पुरे झालं.”

“सर,” मुलीने मध्येच विचारलं, “डिस्करेज म्हणजे काय?”

मास्तर खुलले. “नाउमेद करणं. कुणी काही करायला निघालं की त्याचं अवसान गळेल असं वागणं. पुढे ‘फ्रॉम’ लावायचं, कशापासून मागे खेचलं ते सांगायला. आणि त्यासाठी ओरडावंच लागतं असं नाही हं. सारखं टोकत राहिलं की माणूस आपसूक सोडून देतो. त्याला वाटतं, आपल्यातच दम नाही.”

इतकं नेमकं सांगणारा माणूस विरळा. बायकोने एव्हाना गाडी पुन्हा सुरू केली होती; सांगता सांगता त्यांनी आणखी दोनदा ब्रेक दाबला आणि ती बंद पाडली.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. बायकोने चावी फिरवली, क्लच सोडला आणि गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी मास्तरांनी काहीच केलं नव्हतं.

“झालं,” ते म्हणाले. त्यांना बरंच वाटलं असावं.

ती दार उघडून उतरली. “तू ये गं पुढे,” तिने मुलीला सांगितलं आणि मागे जाऊन बसली.

मुलीने धक्के देत गाडी काढली. एका हातगाडीला लागता लागता राहिली. मास्तरांनी नुसता स्टिअरिंगला हात लावला. “होतं असं. घाबरू नकोस, मी आहे ना.”

बायको ऐकत होती. एवढा संसार झाला, पण हा आवाज काही तिच्या वाट्याला आला नव्हता. तिला रडू आलं नाही, राग आला. पण त्या रागाचं करायचं काय, हे तिला कळेना.

“सर, वाक्य करू? माय टीचर नेव्हर डिस्करेजेस मी.”

“अगदी बरोबर.” मास्तर मागे वळले. “काय गं, परीक्षेला जायचं ना?”

“घरी सोडा मला.”

“तुझी मर्जी. मागाहून म्हणू नकोस, मी अडवलं म्हणून.”

पुढच्या चौकात मास्तरांनी हात दाखवला तशी मुलीने गाडी त्यांच्या घराच्या रस्त्याला घेतली.

“वा,” मास्तर म्हणाले. “काय सुरेख वळवलीस.”