भिंतीकडचा ढीग

शेवटचा बर्फ भिंतीकडे लोटून आर्व्होने ट्रॅक्टर बंद केला आणि हिल्माच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा हलला नाही. एरवी धडधड थांबायचा अवकाश, ती पडदा सारून कॉफीची किटली उंच धरून दाखवायची. मग आत कॉफी, वेलदोड्याचा गोड पाव आणि तोंडी लावायला तिचे टोमणे.

“अजून फुगूनच बसलीय,” तो पुटपुटला.

हिल्मा त्याची थोरली भावजय, शेजारीच एकटी राहणारी. भाऊ गेला आणि त्याचा बागेतला जुना ट्रॅक्टर आर्व्होकडे आला. उन्हाळ्यात त्याने गवत कापायचं, हिवाळ्यात पुढे पातं जोडून तिच्या दारापर्यंतची वाट मोकळी करायची. पातं गंजून एका बाजूला तिरकं बसलं होतं ते कायमचं. बर्फ जायचा तो घराच्या भिंतीकडेच. गेल्या आठवड्यात ती दारातून ओरडली होती, “यंदा भिंतीकडे नको लोटूस रे, पलीकडे लोट!”

“इतकी वर्षं तिथंच लोटतोय. पडली का भिंत?”

“म्हातारा झालास, कुणाचं ऐकत नाहीस. अरे, तिथं आता...”

पुढचं त्याने ट्रॅक्टर सुरू करून बुडवलं होतं.

आज पहाटे एक फेरी झाली होती, ही दुसरी. बर्फ अगदी सरळ पडत होता, वाऱ्याचं नाव नव्हतं. गल्लीतल्या घराघरातून पांढरी वाफ वर चढत होती. हिल्माच्या घरातून मात्र काहीच नाही. छपरावरच्या धुराड्यावर पत्र्याचं झाकण होतं.

झाकण? ते कधी बसलं?

आर्व्होने ट्रॅक्टरवरून उडी टाकली. हिवाळ्याआधी तिने घर गरम करायची नवी भट्टी बसवली होती. त्या भट्टीला धुराडं लागत नाही. तिचा विषारी धूर भिंतीतल्या पाइपातून बाहेर पडतो, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. आणि त्या भिंतीशी आता छातीएवढा ढीग होता, त्यानेच दाबून दाबून रचलेला.

सुपीरियर सरोवराकाठच्या त्या गावात दाराला कुणी कुलूप लावत नाही. तो धडपडत आत शिरला. हिल्मा स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती, शेजारी किटली. त्याने तिला काखेत धरून फरफटत बाहेर आणलं, अंगावर आपला कोट टाकला, फोन केला.

“हिल्मा, शिव्या दे गं मला! काहीतरी बोल!”

 तो तिचे गाल चोळत राहिला.

रुग्णवाहिका आली. माणसांनी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. बऱ्याच वेळाने तिच्या पापण्या हलल्या.

“काका, वाट मोकळी होती म्हणून गाडी थेट दारापर्यंत आली. तुम्ही वाचवलंत यांना,” त्यांच्यातला एक म्हणाला. मग त्याची नजर भिंतीकडे गेली. “पण पाइपावर एवढा बर्फ लोटला कुणी?”

आर्व्होने तोंड उघडलं. 

हिल्माने एका बोटाने मास्क उचलला.

“वाऱ्यानं,” ती म्हणाली. “म्हातारा झालाय मेला. कुणाचं ऐकत नाही.”