न दाखवलेली दाढ

"हात लावू नकोस," डॉक्टर म्हणाले, तोवर गुलफशाने पुण्याहून आणलेली स्कॅनची सीडी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ढकललीसुद्धा होती.

भोरच्या त्या दवाखान्यात सगळं एकाच खोलीत होतं. खुर्ची, बाकडं आणि टेबलावरचा कॉम्प्युटर, ज्यावर पत्त्यांचा डाव अर्धा पडला होता. खुर्चीत रखमाजी आ वासून पडले होते. इंजेक्शन दिलेलं, जबडा बधिर व्हायची वाट. बाकड्यावर गुलफशाची अम्मी, सुगरा, पिशवी मांडीवर घट्ट धरून. दोघी कापूरहोळहून सकाळच्या एसटीने आल्या होत्या.

"तीन महिन्यांपूर्वी तुम्ही माझी दाढ काढली," गुलफशा म्हणाली. "अजून दुखतंय. तुम्ही अम्मीला सांगितलंत, दहावीचा अभ्यास चुकवायला नाटक करते."

"मग? करतच होतीस!" डॉक्टर सुगराकडे वळले. "एक्स-रे मीच काढला होता ना? काय म्हणालो होतो? सावली आहे, बाकी काही नाही. आता पुण्याच्या लोकांनी मोठं मशीन आणलंय, त्यात कुणाला तरी बसवायला नको?"

"बसवलं नाही, उभं केलं. मशीन डोक्याभोवती एक चक्कर मारतं, झालं."

पडद्यावर जबडा उमटला. नुसता जबडा, दातांसकट, जणू कुणी टेबलावर आणून ठेवलाय. गुलफशाने माउस ओढला तसा तो वळला. काढलेल्या दाढेच्या जागी, हाडात खोल, तांदळाएवढा मुळाचा तुकडा होता.

"सावली," डॉक्टर म्हणाले, पण जरा हळू.

"फिल्मवर सगळं एकावर एक पडतं, तिथं खपून गेलं. इथं बघा. पुढून. मागून. आता खालून. कसंही फिरवा, ती आपली तिथंच. अशी कुठली सावली असते, सर?"

"बाई, पोरीला बोलायला चांगलं शिकवलंय!"

"म्या न्हाई शिकवलं," सुगरा म्हणाली. "म्या तर गप बसवत हुते." ती उठून पडद्यापाशी आली. बराच वेळ बघत राहिली. "डॉक्टर, दाढ उपटली की तुमी कापसाच्या बोळ्यावर ठिवून दाखवता. समद्यांना. मुळं मोजून दाखवता. हिची का न्हाई दाखवली?"

"विसरलो असेन. गर्दी असते."

"मला तर तिन्ही टायमाला दाकवली," खुर्चीतून रखमाजी बधिर ओठांनी बोलले.



"मूळ मोडलं हुतं, व्हय? म्हणून बादलीत टाकली?" सुगराचा आवाज चढला. "पोर रोज सांगायची, अम्मी, आत कायतरी हाय. तुमचं ऐकून म्या मारलं तिला. दुखत्या गालावर."

डॉक्टरांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. "बरं, बरं. आवाज नको. रखमाजींचं होऊ द्या, मग हिला बसवा. दहा मिनिटांत काढून देतो. पैसे नकोत."

"मला काय सांगता? तिला इचारा. तोंड तिचं हाय."

डॉक्टर गुलफशाकडे वळले. आल्यापासून एक मिनिट गप्प न बसलेल्या त्या पोरीने ओठ घट्ट मिटून घेतले.