पट्टीचे चार कोपरे

विमानं उतरवायचा क्रम लावणारं माझं गणित पहिल्यांदाच खऱ्या आभाळावर चालत होतं. नियंत्रक बाईंसमोर प्रत्येक विमानाची कागदी पट्टी होती. विमानाला घिरटी घालायला लावलं, की बाई पट्टीचा एक कोपरा दुमडायच्या. पडद्यावरचा एकूण खोळंबा घटत होता, मी खूश होतो. तेवढ्यात अकरा प्रवाशांच्या छोट्या विमानातून आवाज आला, "इंधन आटत चाललंय. आणखी किती थांबू?" गणिताने त्याला पुन्हा मागे ढकललं. "मोठी थांबवली तर खोळंबा वाढेल," मी म्हणालो. "अजून एकच घिरटी." "गणितवाले, दुमडायला कोपरा उरलाय कुठे?" बाईंनी पट्टी दाखवली. चारही कोपरे दुमडलेले होते. दर मिनिटाला नव्याने मांडलेलं गणित आधीच्या घिरट्या विसरत होतं. "तुम्ही उतरा," बाई माइकवर म्हणाल्या. चाकं टेकली. खोळंबा चार मिनिटांनी वाढला. बाई एकेक कोपरा उलगडत होत्या.