पालथं पान

साहेब, त्या मुलीचं तोंड तुम्ही बंद केलंत आणि वर शिक्का मारायला निघालात की तिला काही सांगताच येत नाही. तेही चारचौघांत, तुमच्या केंद्रातल्या त्या लांब टेबलावर.

मुलगी टेबलाच्या टोकाला बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. समोर चित्रांची पेटी. ज्यांना बोलता येत नाही त्या मुलांनी पेटीतलं चित्र उचलून द्यायचं, अशी तुमची पद्धत. पाणी, चेंडू, झोपाळा, शू, मिठी, कंगवा, ब्रश. घरी वापरायलाही तुम्ही तशीच एक पेटी दिलेली. एका बाजूला तुमचे पाच तज्ज्ञ, मधोमध तुम्ही. दुसऱ्या बाजूला मुलीची आई आणि आईचा धाकटा भाऊ. हा मामा म्हणजे वाया गेलेला माणूस. संध्याकाळ झाली की मित्र जमवून पत्ते कुटतो. आई कामावरून येईपर्यंत मुलगी त्याच्याकडेच असते. तो तिला किल्वर म्हणतो, कारण पत्त्यांतल्या किल्वरवरून तिची नजर हटत नाही.

अहवाल तयार होता. 'शाळेसाठी पात्र नाही. आणखी एक वर्ष थेरपी.' आईची सही तेवढी राहिली होती. तुमच्या शिक्क्याशिवाय शाळा दारात उभी करत नाही, म्हणून आई मुकाट्यानं पेन उघडून बसली होती.

"ताई, आम्ही मोघम काही लिहीत नाही," तुम्ही म्हणालात. "सगळे मिळून मूल बघतो."

सगळे मिळून! शिंप्याला सगळीकडे उसवलेलंच दिसतं, तसे तुमचे पाच शिंपी.

"कार्ड काढते, पण उलटं ठेवते," बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "म्हणजे चित्राचा अर्थच पोचत नाही."

"अर्थाचं नाही हो ते. बोटांत पकड नाही, म्हणून उलटं पडतं," हातापायांचे व्यायाम घेणारे सर म्हणाले.

"लक्ष वेधून घेण्यासाठी चाललंय," मानसशास्त्रज्ञ बाईंनी निकाल दिला.

"डोळे तपासून घ्या," डॉक्टर म्हणाले. त्यांचे स्वतःचे डोळे मोबाइलमध्ये होते.

पाचव्या, विशेष शिक्षिका. त्यांनी चौघांनाही मान डोलावली.

"आम्हालाही दाखवा की," मामा म्हणाला.

सरांनी खिशातून मऊ दातांचा ब्रश काढला. तो अंगावरून फिरवला की स्पर्शाची भीती जाते, असं त्यांचं म्हणणं. मुलीनं ब्रश पाहिला. पेटीत हात घातला. चेंडू बाजूला केला, पाणी बाजूला केलं, नेमकं ब्रशचं चित्र शोधून काढलं. ते टेबलावर पालथं ठेवलं. वर तळहात दाबला आणि सरांकडे बघत राहिली.

"बघा, पुन्हा उलटं," म्हणत सरांनी तिच्या दंडावर ब्रश फिरवला. मुलगी किंचाळली. सरांच्या मनगटाला कडकडून चावली.

"आणि हे आक्रमक वर्तन," मानसशास्त्रज्ञ बाई टिपून घेत म्हणाल्या.

मामा हसायला लागला. खो-खो, बेशरमासारखा. मग मध्येच थांबला.

"अगं ताई, किल्वर पॅक झाली की!"

"कुठे बसलोयत आपण? इथे तरी पत्ते नकोत," आई दबक्या आवाजात म्हणाली.

"पत्तेच सांगतोय. डाव खेळायचा नसला की आपली पानं पालथी टाकायची. म्हणजे पॅक. म्हणजे मला यात धरू नका. ही रोज माझ्या मांडीवर बसून तेच बघते." तो तुमच्याकडे वळला. "साहेब, आमच्यात एकेक नग आहेत. शिव्या देतील, पान चोरतील, उद्या मलाही विकतील. पण एकदा पान पालथं पडलं की कुणी जबरदस्ती करत नाही. कुणाच्या बापाची टाप नाही!"

आई मुलीच्या तळहाताकडे बघत राहिली. घरी वेणी घालायच्या वेळी कंगव्याचं कार्ड पालथं. पाहुणी आत्या जवळ घ्यायला आली की मिठीचं पालथं. झोपाळ्याचं मात्र कधीच नाही. ते नेहमी सुलटं, आईच्या हातात, आणि वर तिला झोपाळ्याकडे ओढत न्यायची.

आता तुम्ही माणसासारखं काहीतरी बोलाल, असं आईला वाटलं. तुम्ही बोललातही.

"उत्तम! म्हणजे हा नकार आहे," तुम्ही म्हणालात. "मग आपलं ध्येय ठरलं. कार्ड पालथं ठेवायची सवय मोडायची. ती मोडली की शाळेचं बघू. आणि हो, मामांचे पत्ते आजपासून बंद."

पाचही माना एकदम डोलल्या. त्या टेबलावर पहिल्यांदा एकमत झालं.

"ताई, इथे सही."

आईनं पेनाला टोपण लावलं. अहवाल स्वतःकडे ओढला, टेबलावर पालथा ठेवला आणि वर तळहात दाबला. मुलीनं मान वळवून त्या हाताकडे पाहिलं.

"सही नाही, तर शाळा नाही," तुम्ही म्हणालात. "हे काय लावलंय तुम्ही?"

आईनं दुसऱ्या हातानं चित्रांची पेटी तुमच्यापुढे सरकवली.

"पेटी तुमची ना, साहेब? चित्रंही तुम्हीच निवडलीत. मग माझ्या लेकीला 'नको' म्हणायचं असेल, तर यातलं कुठलं कार्ड द्यायचं तिनं? शोधा. आम्ही बसलोय."