तिसरा तांब्या

"बाबा, तुम्हाला अध्यक्ष व्हायचंच आहे ना खरं?"

गोपाळरावांचा विडा तोंडाशीच थांबला. "हे विचारायला कुणी सांगितलं?"

"मालननं पैज लावलीय. तुम्हाला तोंडावर विचारलं तर ओंजळभर बोरं देणार." विद्युल्लता पाटावर मांडी ठोकून बसली. "ती म्हणते, तुझे बाबा मतं मागायला निघतात ते तेराव्याच्या जेवणाला निघाल्यासारखे."

चुलीपाशी बसलेल्या सुभद्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"व्हायचंय की," गोपाळराव म्हणाले. "नाही कोण म्हणेल?"

"मग झालं," म्हणत विद्युल्लता बोरं वसूल करायला पळाली.

देवासला राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती, मध्ये एक रस्ता. थोरलीचा झाडूवाला धाकटीच्या बाजूचं पान उचलायचा नाही. दोघांत सामाईक एवढं एक वाचनालय, आणि म्हणून सगळी भांडणं तिथंच. दर तीन वर्षांनी अध्यक्ष निवडायचा. फळीवर उमेदवारांचे तांबे मांडायचे, सभासदांनी हव्या त्याच्या तांब्यात एकेक सुपारी टाकायची. थोरलीचे सभासद बावीस, धाकटीचे एकोणीस. माणूस कोण हे कुणी बघत नसे, पाती बघत. त्यामुळे थोरलीचे गोपाळराव नऊ वर्षं निवडून येत होते.

नऊ वर्षं दिव्याचं तेल, पुस्तकांची वाळवी, आणि उजवीकडे कुठल्या महाराजांची तसबीर लावायची याचा वाद. गोपाळराव थकले होते.

त्यातच दिवाळीआधी इंदूरहून पत्र आलं. तिथल्या शाळेत मास्तरकी मिळत होती. शिवाय इंदूरला मुलींना पुढं शिकता येत होतं. इथली मुलींची शाळा पाचवीला संपे, आणि विद्युल्लता पाचवीतच होती. तिथं आपलं माणूस कुणी नाही, तेव्हा पोर एकटी पाठवायची नाही. जायचं तर सगळ्यांनी. पत्राचं दोघा नवराबायकोंनाच ठाऊक. पोरीला सांगितलं असतं तर गावात दवंडीची गरज उरली नसती.

गोपाळराव थोरलीच्या नोकरीत; पत्राचं न सांगता त्यांनी नुसती गाव सोडायची रजा मागितली, तेवढ्यानंच थोरलीच्या कारभाऱ्यांनी भुवया चढवल्या होत्या. "आधी तांब्या भरा. माघार घेऊन धाकटीला हसायला दिलंत तर याद राखा. जिंकलात तर तीन वर्षं देवास सोडायचं नाही. हरलात तर खुशाल जा, तुम्हाला कोण अडवतंय?"

तिन्हीसांजेला विद्युल्लता बापाला पुण्याचं वर्तमानपत्र वाचून दाखवी. त्या दिवशी अमेरिकेची बातमी होती. तिथल्या अध्यक्षाविरुद्ध त्याच्याच पक्षाचा जुना अध्यक्ष तिसरा म्हणून उभा राहिला. दोघांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि निवडून आला समोरचा.

"पुन्हा वाच," गोपाळराव म्हणाले.

तिनं वाचलं. "पण बाबा, घरची मतं जास्त असून घरचाच कसा बुडाला?"

गोपाळरावांनी सुपारीचा डबा ओतला. एकीकडे बावीस मांडल्या, एकीकडे एकोणीस. मग बावीसातल्या सहा बाजूला सारल्या.

"हां," विद्युल्लता म्हणाली. बाजूच्या सहा सुपाऱ्या तिनं बोटानं पुन्हा मोजल्या.

दुसऱ्या दिवशी गोपाळराव भगवंतशास्त्र्यांकडे गेले. शास्त्रीबुवा थोरलीचेच, संस्कृतचे पेन्शनर मास्तर.

"मी उभा राहू? तुमच्यासमोर?" शास्त्रीबुवा म्हणाले. "आणि चुकून जिंकलो म्हणजे?"

"नाही जिंकणार."

"कशावरून?"

"बुवा, तुम्ही सगळ्यांना शिकवलंय," गोपाळराव म्हणाले. शास्त्रीबुवांनी त्याचा हवा तो अर्थ घेतला. माझं नाव कुठं घेऊ नका, एवढं बजावून गोपाळराव परतले.

गावभर गवगवा झाला. विद्युल्लता तणतणत घरी आली. "शास्त्रीबुवा आपल्यातलेच ना? मग हे काय? अमेरिकेसारखं होणार आपलं."

"असते एकेकाची हौस. होईल ते होईल."

त्या दिवसापासून ती शाळेतून परस्पर मालनकडे जाऊ लागली. पैजेची बोरं अजून संपली नसावीत.

मतदानाच्या सकाळी गोपाळराव कधी नव्हे ते शीळ घालत निघाले. वाचनालयाच्या दारात मात्र त्यांची शीळ थांबली. फळीवर तांबे चार होते.

चौथा तांब्या खंडोजी पागेदारांचा, म्हणजे मालनच्या आजोबांचा. धाकटीचे उमेदवार नीलकंठराव लालबुंद होऊन त्यांच्यापुढं हात जोडत होते.

"अरे भिया, समझा करो," खंडोजी मिशीला पीळ देत म्हणाले. "थोरलीचे दोन तांबे आणि धाकटीचा एकच? ही आमच्या महाराजांची शोभा नाही."

नीलकंठरावांनी जोडलेले हात सोडले.

दुपारी सुपाऱ्या मोजल्या. शास्त्रीबुवा सहा. खंडोजी पाच. नीलकंठराव चौदा. गोपाळराव सोळा.

घरी येऊन गोपाळरावांनी गळ्यातला हार खुंटीला अडकवला आणि भिंतीला टेकून बसले. सुभद्राबाईंनी पाणी दिलं. मग पेटी उघडली, वरचं इंदूरचं पत्र काढलं आणि लुगड्यांच्या तळाशी सरकवलं.

विद्युल्लता धावत आली. परकराचा ओचा बोरांनी भरला होता.

"आई, तूही ऐक. बाबा, खंडोजीआजोबांना मीच उभं केलं. थोरलीचे दोन आणि तुमचा एकच का हो, एवढंच त्यांना रोज विचारत होते. तुमच्याच सुपाऱ्यांनी शिकवलं मला." तिनं दम घेतला. "आता तुम्ही अध्यक्ष. पोरीला परगावी धाडली म्हणून तुम्हाला नावं ठेवायची गावात कुणाची छाती होणार नाही. म्हणून मी ठरवलंय, पाचवी झाली की मी पुढं शिकायला इंदूरला जाणार."