पोचा आलेली वाटी

थोरला घाईघाईनं आला आणि धाकट्या भावाच्या खुर्चीत बसला.

“अहो, ती भाऊजींची जागा,” बायको ओट्यापासून म्हणाली.

“मग? नाव कोरलंय का त्याचं? आज मी पंख्याखाली. दुपारभर क्रेनच्या केबिनमध्ये शिजायचंच आहे.”

धाकटा हात धुऊन आला आणि समोरच्या खुर्चीत बसला. दोन ताटं, दोन वाट्या, दोन्हींत दही. थोरल्यापुढच्या वाटीला काठाशी पोचा आला होता. त्या वाटीत एक गोळी कुटून कालवलेली होती.

गेल्या वर्षी धाकट्याला जेवणात गोळीचा तुकडा सापडला होता. घरातलेच विष घालतात म्हणून अकरा दिवस तो नळाच्या पाण्यावर आणि पुड्यातल्या बिस्किटांवर राहिला. शेवटी इस्पितळात न्यावं लागलं. “यापुढे सांगूनच द्या त्यांना,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण थोरल्याच्या बायकोचा धीर झाला नाही. तो घरी परतल्यापासून, आठ महिने, ती गोळी पिठासारखी बारीक कुटत होती. “कसं देतेस ते मला सांगू नकोस,” नवरा म्हणाला होता, “माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.” एरवी साधी थाप मारतानाही तिची जीभ अडखळायची. हे एक पाप मात्र ती रोज दुपारी नेमानं करत होती.

“थांबा, वाटी बदलून देते,” ती पुढे झाली. “ती जरा... आंबट आहे.”

“एकाच भांड्यातलं दही, एक वाटी आंबट न् एक गोड?” थोरला हसला. “माझ्या ताटात चांगलं काही आलेलं तुला बघवत नाही.” त्यानं चमचा बुडवला.

त्या गोळीनं डोळे जड व्हायचे ते पार संध्याकाळपर्यंत. आणि तासाभरात हा चाळीस फुटांवर बसून माणसांच्या डोक्यांवरून लोखंड हलवणार. बोलावं तर धाकटा समोर बसलेला. पुन्हा ते अकरा दिवस. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं तोंड उघडलं.

“दादा, ठेव ती वाटी,” धाकटा म्हणाला. “त्यात माझं औषध आहे.”

चमचा अर्ध्यावरच थांबला. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“कधीपासून ठाऊक आहे, भाऊजी?”

“पहिल्या आठवड्यापासून.”

“आणि तरी खात होता?”

त्यानं जरा विचार केला. “मध्ये चार दिवस मोरीत ओतलं. डोक्यातली बडबड परत सुरू झाली. मग म्हटलं, खाल्लेलं बरं. सांगणार होतो. पण तुम्ही इतक्या जपून करत होता, वहिनी. म्हटलं, कशाला हिरमोड करा.”

“म्हणजे या घरात वेडा मी एकटाच!” थोरला बोलून गेला, आणि त्यानं जीभ चावली.

आधी धाकटाच हसला.

“उद्यापासून अख्खी द्या,” तो म्हणाला. “कुटलेली फार कडू लागते.”

“उद्यापासून कशाला?”

तिनं ती वाटी उचलून मोरीत रिकामी केली. पिठाच्या डब्यामागून गोळ्यांची पट्टी काढली आणि पाण्याच्या पेल्यासह त्याच्या ताटाशेजारी ठेवली. त्यानं एक गोळी दाबून काढली, जिभेवर ठेवली, पाणी प्यायला. मग त्यानं तोंड मोठं उघडलं, जीभ वर उचलली, एक गाल ओढून दाखवला, मग दुसरा. इस्पितळात रोज नर्सपुढे दाखवावं लागे, तसं.

तिनं आत पाहिलं नाही.

“मिटा ते तोंड,” ती म्हणाली. “जेवण निवतंय.”